रडणाऱ्या पिल्लांची आई

लहान मुलांसाठी चित्रपुस्तकं करणारी बाई म्हटली की लोकांना वाटतं, ही मनानं मऊ असणार. शाळांमध्ये वाचनाला बोलावतात तेव्हा शिक्षिका माझा हात हातात घेऊन म्हणतात, "किती हळुवार लिहिता हो!" मी हसते. माझं पहिलं पुस्तक मी एका बाईवर सूड उगवण्यासाठी केलं होतं, हे त्यांना कसं सांगणार?

लेक तीन वर्षांची झाली तेव्हा आम्ही बेंगळुरूच्या राजाजीनगरात राहायला आलो. नवरा सरकारी संशोधन संस्थेत इंजिनिअर. मी महादेवपुऱ्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत डिझायनर. मोबाइलच्या पडद्यावरची बटणं आणि चिमुकली चित्रं काढायचं काम. म्हणजे रोज शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं आणि संध्याकाळी ट्रॅफिकमध्ये अडकून परत यायचं. निपाणीला माझी आई आजारी, सासूबाई आधीच गेलेल्या. मुलीला सांभाळायला घरचं कुणी नव्हतं.

आमच्या मागच्या रस्त्यावर एका जुन्या घराच्या तळमजल्यावर पाळणाघर होतं. ते चालवणाऱ्या बाईंना सगळा भाग अक्का म्हणायचा. साठी ओलांडलेल्या, गोऱ्यापान, साडीवर बाराही महिने मोहरीच्या रंगाचा स्वेटर, चष्म्याला साखळी, कमरेला चाव्यांचा जुडगा. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूतलं. मराठी बोलायच्या, पण मध्येच कन्नडातलं 'सरी' म्हणजे ठीक, 'स्वल्प' म्हणजे थोडं, असं सहज यायचं. मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात मुलांना गोष्टी सांगायचा मान त्यांचाच. वाघाचा आवाज, उंदराचा आवाज, म्हातारीचा आवाज. मोठी माणसंसुद्धा ऐकत बसायची. परक्या गावात मुलीच्या कानावर मराठी पडेल, वर गोष्टीही ऐकायला मिळतील, आणखी काय हवं होतं मला?

पहिल्या दिवशी मी दारात घुटमळत होते. अक्का म्हणाल्या, "तू निवांत जा गं. माझ्याकडे आलेलं एकही मूल रडत नाही."

आणि खरंच, माझी लेक रडली नाही. पहिल्या आठवड्यात थोडंफार झालं असेल, नंतर कधीच नाही. सकाळी मी निघाले की ती कोरड्या डोळ्यांनी हात हलवायची. डॉक्टरांनी सुई टोचली तरी ओठ घट्ट मिटून बसायची. ऑफिसात इतर आया मुलांच्या रडारडीचं सांगायला लागल्या की मी मोठ्या कौतुकानं म्हणायचे, "आमची नाही हो रडत."

एका रविवारी बागेत ती घसरगुंडीवरून तोंडावर पडली. हनुवटी फाटली. फ्रॉकवर रक्त सांडत होतं, आणि ही डोळे विस्फारून, ओठ आत ओढून उभी. आवाज नाही. मी तिला उचललं आणि म्हटलं, "रड बाळा, दुखतंय ना, रड." तिनं मान हलवली. नाही. दवाखान्यात टाके घातले तेव्हाही तेच. नर्स म्हणाली, "भारी धीट आहे हो."

परत येताना रिक्षात ती माझ्या मांडीवर होती. हनुवटीवर पट्टी, त्यामुळे तोंड नीट उघडत नव्हतं. म्हणाली, "आई, मी रडले नाही."

"हो गं राणी."

"मग उद्या तू येणार ना न्यायला?"

"येणारच की. का नाही येणार?"

"रडणाऱ्या मुलांची आई येत नाही."

नवऱ्यानं आणि मी एकमेकांकडे पाहिलं. पुढे रिक्षावाल्याचा रेडिओ मोठ्यानं वाजत होता. मी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "असं कोण म्हणतं?"

"अक्का."

नंतर दोन-तीन दिवसांत तिच्याकडून तुकड्या-तुकड्यानं सगळं कळलं. जिन्याखाली एक अडगळीची खोली होती, तिथे जुन्या गाद्या आणि पोती. जो रडेल त्याला आत बसवायचं आणि दार लावायचं. आत बसून आपले डोळे आपण पुसायचे. आवाज पूर्ण थांबला की अक्का दार उघडतात, पाठीवरून हात फिरवतात आणि खोबऱ्याची वडी देतात. लेक हे अगदी शाळेचे नियम सांगावेत तसं सांगत होती. तिच्या लेखी यात वाईट काही नव्हतं. नियम मोडला की आई येत नाही, एवढंच.

मी अक्कांकडे गेले. त्या मुलांसाठी भाताचे गोळे करत होत्या. माझं सगळं ऐकून घेतलं आणि हसल्या.

"अय्यो, मी दार लावत नाही गं. नुसतं ओढून घेते."

"आत अंधार असतो, अक्का."

"स्वल्प धाक लागतोच. एवढी मुलं एकटी सांभाळते मी. एक रडलं की सगळी रडतात." मग आवाज खाली आणून, अगदी मायेनं म्हणाल्या, "आणि राग मानू नकोस, पण सातला येते म्हणून तू आठला येतेस. पोरीच्या मनात भीती आहे ती माझी नाही, तुझी आहे."

ते वाक्य जिव्हारी लागलं, पण मी तिथे वाद घातला नाही. लेकीची पिशवी उचलली आणि बाहेर पडले. फाटकाशी इतर आया उभ्या होत्या, त्यांना सांगितलं. एक म्हणाली, "आमचा तर छान राहतो. रडतसुद्धा नाही." तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. दुसरी म्हणाली, "तुमचं ठीक आहे, तुम्ही सोडाल नोकरी. आम्ही कुठे ठेवायचं?" मंडळात बातमी पोहोचली ती अशी: ऑफिसातून उशिरा येणारी एक बाई स्वतःची टोचणी अक्कांच्या माथी मारते आहे.

एवढंही मी गिळलं असतं. पण हळदीकुंकवाला चारचौघींत कुणीतरी विषय काढला, तेव्हा अक्का माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "जाऊ दे गं, सरी बिडू. नवी आई आहे. मी कधीच माफ केलंय तिला."

सगळ्या बायकांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. मी वाण घेतलं, वाकून नमस्कार केला आणि त्याच क्षणी मनात ठरवलं की या बाईला मी सोडणार नाही. कसं, ते तेव्हा माहीत नव्हतं.

मी नोकरी सोडली आणि घरून मिळतील ती कामं घेऊ लागले. लेक आता माझ्याजवळ होती, पण बंद दाराची धास्ती तिच्यात मुरलेली होती. न्हाणीघराचं दार उघडं हवं, आणि बाहेर माझा पाय दिसला पाहिजे. लिफ्टचं दार मिटायला लागलं की ती माझ्या पोटात डोकं खुपसायची, म्हणून आम्ही सगळे मजले जिन्यानं चढायचो. समुपदेशक बाईंनी सांगितलं, भीतीवरची चित्रपुस्तकं वाचून दाखवा, खेळता खेळता भीती जाते.

मी पुस्तकांचे ढीग आणले. सुंदर पुस्तकं होती. अंधाराला घाबरणारी अस्वलं, पाण्याला घाबरणारी बदकं. लेक ऐकायची आणि मी वाचता वाचता संतापायचे. कारण त्यात जो कुणी घाबरवायचा, तो शेवटच्या पानावर डोळ्यांत पाणी आणून उभा असायचा आणि सगळे त्याला मिठी मारायचे. लांडग्याला मिठी, राक्षसाला मिठी. ज्यानं छळलं त्याला केक आणि फुगे. मी पुस्तक मिटून म्हणायचे, "आपण दुसरं करू या."

आणि मी करायला बसले. गोष्ट खारीच्या पिल्लाची. तळ्याकाठी सगळे प्राणी आपली पिल्लं एका बगळिणीकडे ठेवून दाणापाणी शोधायला जातात. बगळीण पांढरीशुभ्र, एका पायावर उभी, डोळे अर्धे मिटलेले. जाणारा-येणारा तिला हात जोडतो. पिल्लू रडलं की ती त्याला झाडाच्या ढोलीत बसवते आणि तोंडावर फांदी ओढून घेते. म्हणते, "रडणाऱ्या पिल्लांची आई येत नाही."

इथपर्यंत माझं होतं. पुढचं लेकीनं सुचवलं. ती शेजारी बसून खडूनं काळा रंग घासत होती. म्हणाली, "आत एक रातकिडा असू दे."

"का गं?"

"खेळायला."

मग ढोलीतल्या अंधारात खारीचं पिल्लू आणि रातकिडा खेळतात. आवाजावरून ओळखायचं, मी कुठे आहे? वर, खाली, तुझ्या शेपटीत. पिल्लू विचारतं, तू एवढा मोठ्यानं का ओरडतोस? रातकिडा म्हणतो, नाहीतर अंधारात माझी माणसं मला शोधणार कशी? ते ऐकून पिल्लू पहिल्यांदा पोटातून, मोठ्यानं रडतं. आणि त्या आवाजाचा माग काढत त्याची आई येते.

बगळीण मी पुन्हा पुन्हा काढली. मानेची ती मायाळू तिरकी लकब जमेपर्यंत. अर्धवट मिटलेल्या पापण्या जमेपर्यंत. अंगात मोहरीच्या रंगाचा स्वेटर घातला. पंखाशी चाव्यांचा जुडगा लटकवला. इतक्या आनंदानं मी आयुष्यात कुठलंच चित्र काढलेलं नाही. नवरा मागून डोकावला, म्हणाला, "अगं, या तर..." आणि थांबला.

पुण्याच्या एका प्रकाशनाला ते आवडलं. संपादिका फोनवर फार गोड बोलायच्या. "पुस्तक अप्रतिम झालंय. फक्त त्या बगळिणीला शेवटी पश्चात्ताप होऊ दे. मुलांना सलोखा लागतो हो."

"मुलांना लागतो की आपल्याला?"

"निदान ती पिल्लाला एखादं फूल तरी देईल?"

"नाही देणार."

बरेच दिवस आमची ओढाताण चालली. शेवटी मी चाव्या काढून टाकल्या, स्वेटर ठेवला. शेवटच्या पानावर सगळी पिल्लं खेळताहेत आणि बगळीण तळ्याच्या पार पलीकडे, नखाएवढी, पाठमोरी. कुणाचंच तिच्याकडे लक्ष नाही. संपादिका वैतागून म्हणाल्या, "तुमचं एवढं काय घोडं मारलंय त्या बगळिणीनं?"

पुस्तक आलं तोपर्यंत लेक सात वर्षांची झाली होती. मंडळाच्या चिटणीसांचा फोन आला. चामराजपेटच्या सभागृहात बालमेळावा होता. "आपल्यातल्याच बाईंचं पुस्तक, म्हटलं वाचन ठेवू या." मग जरा चाचरत म्हणाले, "वाचायला नेहमीप्रमाणे अक्काच. मागचं काही मनात ठेवून तुमची हरकत तर नाही ना?"

"छे हो," मी म्हटलं. "त्यांच्याशिवाय दुसरं कोण वाचणार?"

अक्कांनी तयारीसाठी प्रत मागितली, तेव्हा मी निरोप धाडला की पुस्तकं थेट मेळाव्याच्या सकाळी पोहोचणार आहेत. पुस्तकं आमच्या पलंगाखाली होती.

नवऱ्याला कळलं तेव्हा तो म्हणाला, "हे करू नकोस. लहान मुलांसमोर कुणाचा अपमान करायचा?"

"तिनं पोरांना कोंडलं ते काय मोठ्यांसमोर होतं?"

"म्हातारी बाई आहे."

"खोलीत बसवायची तेव्हाही म्हातारीच होती."

लेकीला मी नेलं नाही. ती बाबाबरोबर घरी राहिली. तिला यातलं काही कळू द्यायचं नव्हतं.

सभागृह भरलं होतं. मुलं सतरंजीवर, आईवडील मागे खुर्च्यांवर. अगदी पुढे अक्कांच्या पाळणाघरातली मुलं बसली होती, एकसारख्या टोप्या घालून, हाताची घडी. अक्का स्टेजवर आल्या. स्वेटर तोच. मी त्यांच्या हातात पुस्तक दिलं. त्यांनी मुखपृष्ठ पाहिलं. त्यावर फक्त पिल्लू आणि रातकिडा होते. त्या म्हणाल्या, "वा, गोड काढलंय हं." आणि मुलांकडे वळल्या.

वाचायच्या मात्र छानच. पहिल्या दोन पानांतच मुलं पुढे सरकली. खारीच्या पिल्लाला त्यांनी बारीक, घाबरा आवाज दिला. मग तळ्याचं पान आलं. "तळ्याकाठी राहायची एक बगळीण," असं म्हणत त्यांनी पुस्तक मुलांकडे फिरवलं, चित्र दाखवलं, आणि मग स्वतः पाहिलं. आवाज किंचित अडखळला. मागच्या खुर्च्यांवर कुणीतरी खुदकन हसलं. स्वेटर ओळखीचा होता. लोकांना ती गंमत वाटली असावी. अक्काही हसल्या आणि पुढे वाचू लागल्या. पिल्लू रडतं. बगळीण त्याला ढोलीत बसवते. फांदी ओढून घेते.

"बगळीण म्हणाली..." अक्का वाचत होत्या. "बगळीण म्हणाली..."

त्या थांबल्या. चष्मा सारखा केला. मी स्टेजच्या पायरीशी उभी राहून त्यांच्याकडे टक लावून पाहत होते. त्यांनीही माझ्याकडे पाहिलं, आणि त्या वेळी त्यांना सगळं कळलं.

माझा बेत एवढाच होता. त्यांच्याच तोंडून ते वाक्य सगळ्यांसमोर वदवून घ्यायचं. पण पुढे जे झालं ते माझ्या बेतात नव्हतं. गोष्ट सांगणारा अडला की मुलं पुढचं वाक्य पुरं करतात, ती सवयच असते. पुढच्या रांगेतली एक चिमुरडी खणखणीत आवाजात म्हणाली, "रडणाऱ्या मुलांची आई येत नाही!"

आणि तिच्यामागोमाग ती सगळी टोपीवाली रांग, हाताची घडी न सोडता, पाढा म्हणावा तसं एका सुरात म्हणाली, "रडणाऱ्या मुलांची आई येत नाही!"

पुस्तकात 'पिल्लांची' होतं. चित्राखाली मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं आणि मागच्या खुर्च्यांवरूनही वाचता येत होतं. मुलांनी 'मुलांची' म्हटलं. पुस्तक कुणीच आधी पाहिलेलं नव्हतं.

मग फाटकाशी "रडतसुद्धा नाही" म्हणालेली ती आई उठली. मोठ्या मुलानंतर आता तिचा धाकटा त्या रांगेत होता. ती खुर्च्यांमधून वाट काढत पुढे आली, त्याच्याजवळ सतरंजीवर बसली आणि हलकेच विचारलं, "कुणी शिकवलं रे हे?" त्यानं स्टेजकडे बोट दाखवलं.

अक्का म्हणाल्या, "पुढचं पान चिकटलंय." कुठलंच पान चिकटलेलं नव्हतं. पुस्तक माझ्या हातात देऊन त्या खाली उतरल्या. उतरताना, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हे तू मुद्दाम केलंस."

"हो," मी म्हटलं.

उरलेली गोष्ट मी वाचली. मला आवाज काढता येत नाहीत, मी सपाट वाचते. तरी पिल्लाच्या रडण्याच्या पानावर मुलांना म्हटलं, तुम्हीही रडून दाखवा. सगळं सभागृह दणाणलं. टोपीवाली मुलं मात्र आधी मागे वळून आपापल्या आयांकडे बघत होती, रडू का म्हणून.

दिवाळीच्या आत पाळणाघर बंद झालं. मंडळानं गोष्टी सांगायला दुसऱ्या बाई नेमल्या. माझी कुणी क्षमा मागितली नाही, पण हळदीकुंकवाला आता मला पहिली खुर्ची मिळते. मी ती घेते.

अक्का त्यानंतर एकदाच भेटल्या, भाजीच्या गाडीपाशी. बारीक झाल्या होत्या. मी कोथिंबीर निवडत होते. त्या म्हणाल्या, "तुझ्या लेकीला ताप आला होता, तेव्हा तू येईपर्यंत मांडीवर घेऊन बसले होते मी. सगळी दुपार. पाय बधिर झाले होते. ते कुठल्या पानावर काढलंस?"

हे खरं होतं. त्या दिवशी मी धावतपळत पोहोचले तेव्हा लेक त्यांच्या मांडीवर झोपलेली होती आणि त्या पदरानं वारा घालत होत्या.

"ते नाही काढलं," मी म्हटलं.

"काढायला हवं होतं गं."

"दार ओढून घेतलं नसतं, तर काढलं असतं."

त्यांचे डोळे भरून आले. मी पाहत राहिले. चित्रपुस्तकातलं शेवटचं पान माझ्यासमोर उभं होतं. आता मी पुढे व्हायचं, मिठी मारायची, आणि खाली दोन ओळी छापायच्या. मी कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकली आणि निघाले.

लेकीची भीती माझ्या पुस्तकानं गेली असं लोकांना सांगायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. ते पुस्तक तिला फारसं आवडतही नाही; "त्यात बगळीणच जास्त आहे," म्हणते. वरच्या मजल्यावर एक कन्नड कुटुंब राहायला आलं, त्यांची मुलगी हिच्याच वयाची. दोघी दिवसभर लपाछपी खेळायच्या. एका दुपारी दोघीही दिसेनात. शोधता शोधता आमच्या कपाटातून खुसखुस ऐकू आली. दार आतून ओढून घेतलेलं होतं. मी हात पुढे केला, तर आतून लेक ओरडली, "आई, उघडू नको ना! आम्ही लपलोय!" मी हात मागे घेतला आणि कपाटासमोर जमिनीवर बसून राहिले.

अक्का आता म्हैसूरला मुलाकडे असतात असं ऐकलं. त्यांच्या तळमजल्यावर दातांचा दवाखाना आला आहे, जिन्याखालच्या खोलीची भिंत पाडून तिथे रुग्णांसाठी बाकं टाकली आहेत. मेट्रो स्टेशनला जाताना मी त्या घरावरूनच जाते आणि दर वेळी थांबून आत बघते. दुसरा रस्ता जवळचा आहे.